चारातली दोन रिळं

नंदुरबारला घरी बसून एकट्याने व्हीएफएक्स करणारा माझा एक मित्र विचारतो, "सगळं क्लाउडला सिंक आहे, मग आणखी कॉपी कशाला?"

दादासाहेब फाळके ट्रिकसीन कॅमेऱ्यातच करायचे. फिल्म धुवायला सरस्वतीबाई असत. १९१३चा 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा होता. त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळच उरलंय. तीही १९१७च्या आवृत्तीची, असं काही अभ्यासक मानतात. नायट्रेटची फिल्म सहज पेटायची, नाहीतर पडून पडून खराब व्हायची. आणि पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं ते थेट १९६४मध्ये.

रिळं जाऊन फाइली आल्या, धोका राहिलाच. १९९८मध्ये, आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला त्याच वर्षी, पिक्सारमध्ये एका चुकीच्या कमांडने 'टॉय स्टोरी २'च्या फाइली उडाल्या. बॅकअपही बिघडलेला निघाला. गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कॉपी होती, तिने सिनेमा तारला.

सिंक इकडे पुसलेलं तिकडेही पुसतं. म्हणून तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. रेंडर पुन्हा काढता येतो. प्रोजेक्ट फाइल आणि मूळ फुटेज गेलं की गेलं. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा. उघडत नसेल तर ती कॉपी नव्हेच.