पाण्याचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. विहिरीच्या पाण्याचं तर विचारायची सोयच नव्हती. पाणी कुठे लागेल ते पाणाडी सांगायचा. ते कुठल्या पावसाचं आणि किती जुनं, हे सांगणारं कोणी नव्हतं.

जून १९५२ मध्ये कोपनहेगनच्या विली डान्सगार्ड या भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला, एका सरीचं पाणी दुसरीपेक्षा वेगळं असतं का? त्याने हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तोंडात नरसाळं अडकवलं आणि साठलेलं पाणी मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासलं. पाण्यातल्या ऑक्सिजनच्या हजार अणूंत साधारण दोन जड असतात, ऑक्सिजन-१८ चे. असे जड रेणू वाफ होताना मागे रेंगाळतात आणि ढगातून मात्र आधी गळतात. म्हणून ढग समुद्रापासून आत, डोंगरावर किंवा थंडीकडे सरकेल तसा त्याचा पाऊस हलका होत जातो. पुढे १९६१ मध्ये हार्मन क्रेगने जगभरच्या पावसाचे, नद्यांचे, तळ्यांचे सुमारे चारशे नमुने जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजनच्या आलेखावर मांडले, तर बहुतेक बिंदू एकाच सरळ रेषेवर आले. रेषेखाली घसरलेलं पाणी सहसा उन्हात आटून मग मुरलेलं.

हे झालं पाण्याचं गाव. वयासाठी लागला ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. दर १२.३ वर्षांनी तो निम्मा होतो. रसायनशास्त्रज्ञ विलर्ड लिबीने हे पडताळून पाहिलं ते जुन्या वाइनवर, कारण बाटलीबंद वाइनमध्ये नवा पाऊस शिरत नाही. (या विद्येवर बाटल्यांचे उपकार फार!) त्याच सुमारास, १९५४ पासून, हायड्रोजन बाँबच्या चाचण्यांनी आकाशात इतका ट्रिटियम उधळला की १९६३ पर्यंत उत्तर गोलार्धातल्या पावसात त्याचं प्रमाण शेकडो पट झालं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जगभरचा पाऊस मोजायला घेतला तो यामुळेच. विहिरीत हा ट्रिटियम सापडला तर त्यात बाँबनंतरचा पाऊस मिसळलेला. अजिबात नसला तर पाणी त्याआधीचं. भूजलशास्त्राला मिळालेलं हे घड्याळ कुणाच्या पुण्याईचं नव्हे. आता तेही थांबत आलंय. त्या उधाणातला जेमतेम तिसावा हिस्सा उरलाय.

खरं जुनं पाणी मात्र ट्रिटियमच्या आवाक्याबाहेरचंच. हायडलबर्गच्या कार्ल म्युनिखने १९५७ मध्ये त्यासाठी कार्बन-१४ वापरला, पण त्याची धाव फार तर तीस-चाळीस हजार वर्षांपर्यंत. इजिप्तच्या पश्चिम वाळवंटाखालच्या न्यूबियन वालुकाश्मातल्या पाण्यापुढे तोही थकला. तिथे टनावारी पाण्यातून क्रिप्टॉन वेगळा काढून त्यातले क्रिप्टॉन-८१ चे मोजके अणू लेसरच्या सापळ्यात एकेक करून मोजावे लागले. २००४ मध्ये उत्तर आलं, दोन ते दहा लाख वर्षं. शिवाय हे पाणी तिथल्या आजच्या पावसापेक्षा बरंच हलकं निघालं, म्हणजे ते पडलं तेव्हा तिथलं हवामानच निराळं होतं. आज त्यात नवी भर जवळजवळ पडत नाही, आणि तिथल्या खार्गा-दाखला या मरूद्यानांची शेती त्याच उपशावर चालते.