आपल्या घरांतील सागवानी सामान : त्याचा इतिहास व त्याचे जतन

कुटुंबाचा इतिहास लिहावयाचा म्हटला की आपण वंशावळी, सनदा, जुनी पत्रे आणि देवघरातील टाक यांचा शोध घेतो. दिवाणखान्यातील कोच, माजघरातील कपाट किंवा ओटीवरील झोपाळा यांची साक्ष काढावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. गेल्या काही वर्षांत गिरगाव, ठाकूरद्वार व दादर भागातील जुन्या चाळी पुनर्बांधणीसाठी रिकाम्या होत असता आपल्या ज्ञातीतील अनेक घरांचे हे सामान जुन्या बाजाराची वाट धरीत आहे. ते जाण्यापूर्वी, निदान ते कोठून आले हे तरी आपण जाणून घ्यावे, या हेतूने हा अल्पसा लेख ज्ञातिबंधुभगिनींना सादर करीत आहोत.

आपले पूर्वज मुख्यतः जमिनीवर बसणारे. पाट, चौरंग, पलंग, झोपाळा आणि धान्याचे व कपड्यांचे पेटारे एवढ्यावर मोठमोठी कुटुंबे सुखाने नांदली. पुढे कोणती वस्तू कोणाच्या संगतीने घरात आली, हे तिच्या नावावरूनच उमगते. ‘पलंग’ हा संस्कृत पर्यंकाचा वंशज, ‘खुर्ची’ मूळची अरबी, ‘दिवाणखाना’ फारसी, ‘अलमारी’ पोर्तुगीज, तर ‘टेबल’ आणि ‘कोच’ इंग्रजी. गावचे घर सोडून मुंबईत नोकरीस आलेल्या पिढीने कचेरीत खुर्ची पाहिली आणि यथावकाश ती घरात आणली. जेवणाचा पाट मात्र स्वयंपाकघरात पुष्कळ दिवस आपली जागा राखून होता.

या सामानाचा साग कोठला? मलबारच्या सागाची कीर्ती मुंबईच्या गोदीने जगभर नेली. वाडिया घराण्यातील कारागिरांनी १८१७ साली येथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडात हार्टलपूल येथे दोनशे वर्षांनंतरही तरंगते आहे. सागाच्या टिकाऊपणास याहून मोठे प्रशस्तिपत्र नको. जहाजांच्या मागणीने जंगले विरळ होऊ लागली, तेव्हा मलबारचे कलेक्टर कॉनली यांनी १८४० नंतरच्या दशकात निलंबूर येथे सागाची लागवड आरंभिली. पुढे ब्रह्मदेशाचा साग येऊ लागला. तो आणणारी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईतच स्थापन झाली होती. या कंपनीने ठरल्याहून अधिक लाकूड नेले, असा ठपका ठेवून थिबा राजाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला जबर दंड ठोठावला. इंग्रजांनी तेच निमित्त करून युद्ध पुकारले, राज्य खालसा केले आणि राजाला १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. ज्या सागापायी हे राज्य गेले, तोच ‘बर्मा टीक’ या नावाने मुंबईच्या घराघरांत मिरवत होता, आणि त्याचा धनी आपल्याच कोकणात बंदिवास भोगीत होता. कपाटाच्या फळीवरून हात फिरविताना एवढे स्मरण ठेवण्याजोगे आहे.

शिसवीची कथा निराळी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या नक्षीदार शिसवी कोच-खुर्च्यांनी एवढे नाव मिळविले की, त्या प्रकारास शहराचेच नाव पडले. आज शिसवीची झाडे इतकी घटली आहेत की, २०१७ पासून या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. म्हणजे आजोबांनी घेतलेली शिसवी खुर्ची मोडीत काढली, तर तसे लाकूड पुन्हा सहजी मिळणार नाही.

हे सामान घडविणाऱ्या सुतारांची नावे कोठेही नमूद नाहीत; त्यांची सही सांध्यांत आहे. खाच पाडून तीत कूस बसवावयाची आणि सरसाने ती पक्की करावयाची, ही त्यांची रीत. सरस गरम पाण्याने सैल होतो, म्हणून शंभर वर्षांनीही सांधा उकलून पुन्हा जोडता येतो. डगमगणाऱ्या पायात खिळा ठोकणे ही दुरुस्ती नव्हे. त्याने लाकूड फाटते व गंज आत शिरतो. जुनी झिलई बहुधा स्पिरिटात विरघळविलेल्या चपडा लाखेची असते. मागच्या बाजूस स्पिरिटाचा एक थेंब लावावा. तेथे चिकटपणा आला, तर ती लाखच समजावी. अशी झिलई ओल्या फडक्याने किंवा गरम भांड्याने पांढरी पडते, परंतु तीवर लाखेचाच नवा हात देता येतो. ती काचकागदाने खरवडून वर रंग किंवा सनमायका चढविणे म्हणजे पूर्वजांच्या चेहऱ्यावर मुखवटा बसविणे होय. वेताची बैठक लोंबू लागली, तर खालच्या बाजूने ओली करून सावलीत वाळवावी. वेत धड असल्यास ती पुन्हा ताणली जाते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावे आणि खाली बारीक भुसा पडतो का, हे पाहावे. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा लागत नाही, पण सालीलगतचे पांढरट लाकूड ती सोडीत नाही. जुने सामान विकत घेतानाही हा फरक ध्यानात ठेवावा.

वाटणीच्या प्रसंगी पलंग एकाकडे, त्याचे मच्छरदाणीचे खांब दुसऱ्याकडे, असे घडू नये. घरात जागाच नसेल, तर आधी आप्तांत विचारावे आणि मगच बाजार पाहावा. परदेशी स्थायिक झालेल्या बंधूंनी आणखी एक गोष्ट जाणावी : १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा या ठेव्याचे जतन करावयाचे ते येथेच. पुण्याचे दिनकर केळकर यांनी लोकांच्या घरांतील कोरीव दारे, दिवे व भांडी आयुष्यभर वेचून संग्रहालय उभे केले. एका माणसाच्या ध्यासाने एवढे साधले, तर शेकडो कुटुंबांना आपापल्या घरापुरते का साधू नये?

शेवटी एक विनंती. प्रत्येक कुटुंबाने आपल्या जुन्या सामानाची एक यादी करावी : वस्तू कोणती, लाकूड कोणते, कोणी व केव्हा करविली, कोणत्या घरातून कोणत्या घरी आली. हे सांगणारी वडीलधारी माणसे आज आपल्यांत आहेत. लाकूड आपल्याहून अधिक जगते, परंतु ते बोलत नाही. त्याच्या वतीने बोलणारे आहेत तोवरच हे लिहून ठेवणे, हे आपणां सर्वांचे कर्तव्य होय.