धूर आणि तुकडा

जिवंत घसा आरशात पाहायची वाट दाखवली ती मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकानं, 1854 मध्ये. पुढं डॉक्टरांनी ती उचलली. पण नुसतं पाहणं म्हणजे निदान नव्हे. आम्ही तत्त्वज्ञानवाले धुरावरून अग्नीचं अनुमान करतो. तोंडातला पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम, बसलेला आवाज हा धूर झाला. खात्री होते ती तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच. परळच्या टाटा रुग्णालयात 1941 मध्ये डॉ. खानोलकरांनी अशा तपासणीची प्रयोगशाळा उभारली.

'तुकडा काढला की रोग पसरतो', असं आपल्या माळशिरसात आजही कानावर येतं. ते खरं नाही. रोग पसरतो तो वाट पाहण्यानं. आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला, 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथले कार्यकर्ते गावोगाव लक्षणं समजावत फिरले, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. तोंड तर आपल्याला घरच्या आरशातही दिसतं. म्हणून तंबाखू-मिसरीच्या घरांत आपण एवढं ठरवू: जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर मलम बदलत बसायचं नाही, तपासून घ्यायचं.