घाणा बंद असायचा तो दिवस

माझ्या आजीची सासू शनिवारचे तेल शुक्रवारीच आणून ठेवी. शनिवारी पेणचा घाणा फिरत नसे. घाणेवाले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू; शनिवार हा त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनवार तेलीच म्हणत. आजीने स्वतः तो घाणा पाहिला नव्हता. तिच्या वेळेपर्यंत त्या घरांतले कर्ते पुरुष मुंबईत गिरण्यांत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत लागले होते.

त्यांच्या पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, ही कथा आळीत सगळ्यांना पाठ. कागदोपत्री पुरावा काही नाही. गंमत म्हणजे चित्पावनांच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदाच प्रेते आहेत, परशुरामाने जिवंत केलेली. गलबतातून वाचलेले लोक गावोगाव पांगले आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर झाले. कुंडलिकेच्या एका काठाला रोहे, दुसऱ्या काठाला अष्टमी, तिथले अष्टमकर.

दावीद राहबी नावाचा परका ज्यू आला तेव्हा त्याने म्हणे बायकांपुढे माशांची टोपली ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे उचलले आणि त्याची खात्री पटली. आजी यावर हसायची. एवढ्यासाठी राहबी कशाला हवा? आमच्या कोळणीला विचारले असते तरी तिने सांगितले असते. त्या दारात ती कोळंबी आणि चिंबोऱ्यांची पाटी उतरवतच नसे. खतन्याला, बारशाला मलिदा व्हायचा : पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, फळे. तो एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने. पोहे अर्थातच पेणचे.

मुंबईची वाट जुनी होती. कंपनी सरकारच्या पलटणीतले समाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पेणचे सिनेगॉग १८६३चे. १९४८ नंतर मात्र वाट मुंबईला थांबली नाही, थेट इस्रायलला गेली. लोद, दिमोना, अश्दोद ही नावे आळीतल्या पत्रांतून येऊ लागली. तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासायची अट घातली. खवल्यांच्या परीक्षेत पास झालेली माणसे पुन्हा परीक्षेला! समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा १९६४ साली ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे सरकारने जाहीर केले. तिथेही त्यांचे मराठी सुटले नाही. १९८५पासून 'मायबोली' हे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघू लागले. महाराष्ट्राने ज्यूंना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला तो २०१६मध्ये, आळ्या रिकाम्या झाल्यावर.

इथे त्यांना कुणी कधी छळले नाही, हे आम्ही पेणचे लोक अभिमानाने सांगतो. ते खरेच आहे. पण 'शनवार तेली' म्हणताना गावाने त्यांना जातीच्या उतरंडीत एक पायरी नेमून दिली होती, आणि त्यांच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. एकटी सहिष्णुता सांगितली तर गोष्ट अर्धीच राहते.

ती माणसे का गेली, असे आजीला विचारले की ती म्हणे, "पोरं गेली. मग म्हाताऱ्यांनी कोणाच्या भरवशावर राहायचं?" शेजारचे घर विकले गेले तेव्हा घेणाऱ्याने, त्यांना घाई आहे हे ओळखून, भाव पाडून घेतला, हेही ती सांगायची. घेणारा कोण, ते मात्र तिने कधी सांगितले नाही.