ऐकणारा सेनानी : जनरल विंगेट

शिवछत्रपतींचे विश्वासू हेर बहिर्जी नाईक यांचे नाव आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. परंतु गुप्तवार्तेच्या कामातून पुढे सेनापतिपदास पोहोचलेले पुरुष इतिहासात विरळाच. सर रेजिनाल्ड विंगेट हे त्यांपैकी एक होत.

१८६१ साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विंगेट यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. १८८० मध्ये ते तोफखान्यात अधिकारी झाले आणि हिंदुस्थान व एडन येथील नोकरीनंतर १८८३ मध्ये इजिप्तच्या सैन्यात दाखल झाले. १८८५ च्या जानेवारीत खार्टूम पडून जनरल गॉर्डन मारले गेले व सुदान महदीच्या अनुयायांच्या हाती गेला. त्या बंद मुलखाची खबर काढण्याचे काम विंगेट यांच्याकडे आले. अरबी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली होती. व्यापारी, निर्वासित, पळून आलेले कैदी यांचे बोलणे ते शांतपणे ऐकत व टिपून ठेवीत. अकरा वर्षांहून अधिक काळ बंदिवासात असलेल्या स्लाटिन यांची १८९५ मधील सुटका त्यांच्याच योजनेचे फळ होय.

२ सप्टेंबर १८९८ रोजी ऑमदुर्मन येथे किचनेर विजयी झाले, त्यामागे ही माहिती होती. मात्र त्या एका दिवसात सुमारे दहा हजार सुदानी पडले, हेही विसरता कामा नये. विद्या साम्राज्याची दासी झाली म्हणजे असेच घडते. पुढल्या वर्षी विंगेट सरसेनापती व सुदानचे गव्हर्नर जनरल झाले आणि १९१६ पर्यंत त्या पदावर राहिले.

१९१७ मध्ये ते इजिप्तचे हाय कमिशनर झाले. १३ नोव्हेंबर १९१८ रोजी साद झगलूल व त्यांचे सहकारी स्वातंत्र्याची मागणी घेऊन त्यांना भेटले. या पुढाऱ्यांना लंडनला येऊन आपले म्हणणे मांडू द्यावे, असा सल्ला विंगेट यांनी दिला. सरकारने तो मानला नाही. मार्च १९१९ मध्ये झगलूल यांना पकडून माल्टास धाडताच सारा इजिप्त पेटला. विंगेट यांच्या जागी ॲलनबी आले. १९५३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांना पुन्हा मोठे पद लाभले नाही.

शत्रूची बातमी आणली तेव्हा सन्मान, प्रजेचे मन सांगितले तेव्हा उपेक्षा! ज्ञातीतील तरुणांनी परभाषा अवश्य शिकाव्यात, ऐकण्याची सवय लावून घ्यावी. आणि घरात वा संस्थेत ज्यांच्या हाती कारभार आहे, अशा आम्हां वडीलधाऱ्यांनी अप्रिय सत्य सांगणाऱ्यास दूर लोटू नये, हीच नम्र विनंती.