पेशींचा राग

रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना मराठी परिभाषेत ‘इओसिनरागी’ म्हणतात. नव्या वाचकाला वाटावे, या पेशी इओसिन नावाच्या कुणावर तरी डाफरत असणार. पण हा राग संतापाचा नाही. मूळ धातू ‘रंज्’, म्हणजे रंगणे. त्यातूनच रंग, रंजन, गवयाचा राग आणि प्रेमाचा अनुराग आले. रोजच्या मराठीत मात्र ‘राग’ म्हटले की डोळे लाल झालेला माणूसच समोर येतो. ग्रीक ‘फिलॉस’ म्हणजे प्रिय. ‘इओसिनोफिल’चे मराठी करताना ‘प्रेमी’ऐवजी ‘रागी’ योजले गेले हे फार चांगले झाले, कारण या एका शब्दात रंगही आहे आणि ओढही.

इओसिन हा गुलाबी-लाल रंग १८७०च्या दशकात जर्मनीत तयार झाला आणि त्याला ग्रीक उषादेवीचे, इऑसचे, नाव मिळाले. ही इऑस आणि आपली वेदांतली उषस् भाषेच्या नात्याने सख्ख्या बहिणी. दोन्ही शब्द एकाच आदिरूपातून आलेले. म्हणजे इओसिनरागी पेशी ही खरे तर उषारागी.

१८७९च्या सुमारास पॉल एर्लिख याने कृत्रिम रंगांनी माणसाचे रक्त रंगवले, तेव्हा पेशीतल्या कणांची आवडनिवड दिसली. आम्लधर्मी इओसिन घेणारे इओसिनरागी, क्षारधर्मी निळा रंग घेणारे क्षारकरागी, दोघांकडेही ठळक कल न दाखवणारे उदासीनरागी. पेशी करते काय, हे यातले एकही नाव सांगत नाही. तरी माणसाच्या रक्तात रंग आणि काम यांची जोडी इतकी पक्की बसली की ‘उदासीनरागी’ म्हणताच जंतू गिळणारी पेशी डोळ्यांपुढे येते.

माशाच्या रक्ताने ही जोडी मोडली. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून गिम्सा रंग दिला की आधी तांबड्या पेशीच बुचकळ्यात टाकतात: लंबगोल, आणि प्रत्येकीत केंद्रक. रक्त गोठवणाऱ्या पेशींनाही केंद्रक असते, त्यामुळे त्या लहान लिंफ पेशी म्हणून सहज खपून जातात. माणसाच्या रक्तासाठी बनवलेले मोजणीयंत्र इथे फसते. डोळ्यानेच मोजावे लागते. मग कणवाल्या पेशींची पाळी. झेब्राफिशच्या उदासीनरागी पेशीचे कण गिम्साने जेमतेम दिसतात, सुदान ब्लॅकने मात्र काळे उमटतात. भूमध्य समुद्रातल्या गिल्टहेड सी-ब्रीममध्ये तर जंतू गिळण्याचे मुख्य काम करणारी पेशी आम्लरागी, म्हणजे आम्लधर्मी रंग घेणारी आहे. नावावरून काम ओळखायला जाणारा इथे हमखास चुकतो.

ऊतींत गुंता आणखी वाढतो. ट्राउट आणि सॅमनच्या आतड्याच्या भिंतीत कणांनी गच्च भरलेल्या पेशींचा थर असतो. कुणी त्यांना ‘इओसिनरागी कणपेशी’ म्हणते, कुणी ‘मास्ट पेशी’. ‘मास्ट’ हाही एर्लिखचाच शब्द. जर्मनमध्ये त्याचा अर्थ जनावराला खाऊ घालून पुष्ट करणे. कणांनी फुगलेल्या या पेशी त्याला भरपूर पोसलेल्या वाटल्या. तो तर्क पुढे टिकला नाही, शब्द मात्र टिकला. माशातल्या या पेशींचा स्वभाव असा की ऊतीचा तुकडा कशात बुडवून ठेवला आणि पुढे कोणता रंग दिला, यावर कण लाल दिसणार की निळे हे ठरते. राग पेशीचा खरा, पण तो चढवतो प्रयोगशाळेतला माणूस.

‘गिळणारी’ किंवा ‘रक्षक’ अशी नावे ठेवली असती तर ती एका प्राण्यात खरी आणि दुसऱ्यात खोटी ठरली असती. ‘रागी’ काचेवर दिसले तेवढेच सांगतो. अट एकच: पेशीच्या नावाआधी मासा कोणता, ऊतीचा तुकडा कशात ठेवला होता आणि रंग कोणता दिला, हे वहीत लिहिलेले असले पाहिजे.