फाट्यावरची खिचडी आणि पोटाचा इतिहास

नांदेडहून निघालेला रस्ता अर्धापूर मागे टाकून वारंगा फाट्याला पोचला की दुभंगतो. एक वाट बाळापूर-कळमनुरीवरून हिंगोलीला जाते, दुसरी हदगाव-उमरखेडवरून नागपूरकडे. या दुभंगावरच इथल्या खिचडीचं नाव झालं. मोठ्या पातेल्यात आधीच शिजवलेली, मागताक्षणी पुढ्यात येणारी, सोबत गरम भजी. झटपट खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय? मॅकडोनाल्ड्स दिल्ली-मुंबईत आलं ते १९९६ साली. प्रौढांच्या वाढत्या वजनाचं खापर बर्गरवर फोडणं सोपं आहे, पण मराठवाड्यापुरतं ते फारसं खरं नाही.

पदार्थ जुनाच आहे; बदललं ते त्याच्या भोवतालचं. सर्वांत आधी तेल. या भागात घरोघरी करडई आणि भुईमुगाचं तेल होतं, आणि ते जपून वापरलं जाई. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. कढईत तेल ओतताना हात आखडता घेण्याची गरज त्यानंतर कमी कमी होत गेली. आज देशातलं निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येतं. शिवारात करडईच्या जागी सोयाबीन दिसू लागलं. ताटातली ज्वारीही हटली. भाकरी थापायला वेळ आणि हात लागतो. भात, पाव, मैदा तसं काही मागत नाहीत.

दुसरी गोष्ट खाणाऱ्या शरीराची. १९७२च्या दुष्काळात याच मराठवाड्यानं खडी फोडत सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारीवर दिवस काढले. पोटाला चिमटा घेऊन जगलेल्या घरांत अन्न आलं, तेव्हा ते कोणत्या शरीरांत गेलं? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे उपयोगी पडतं. पुणे परिसरातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण वजनातली तूट मुख्यतः स्नायूंत होती. चरबी त्या मानानं टिकून होती. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं ‘लॅन्सेट’मध्ये छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. हडकुळा दिसणारा आपला माणूस आतून तसा असेलच असं नाही. म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ वर धरावी, असं तज्ज्ञांनी २००९ साली सुचवलं.

त्या रेषेनं पाहिलं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बोलके आहेत. १९९८-९९ साली देशातल्या १०.६ टक्के विवाहित स्त्रिया २५ च्या वर होत्या. २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात हे प्रमाण स्त्रियांत २३.४ आणि पुरुषांत २४.७ टक्के होतं. याच राज्यात अशक्त, कमी वजनाच्या स्त्रियाही मोठ्या संख्येनं आहेत, हे विसरून चालणार नाही.

उरला रस्ता. एसटीचा प्रवासी फाट्यावर खाई तो लग्नकार्याला, बाजाराला जाताना; म्हणजे कधीमधी. मोटारसायकल आली आणि फाटा रोजच्या टप्प्यात आला. शेतातली कामं ट्रॅक्टरनं उचलली, चालणं गाडीनं. दिवसभर बैलांमागे चाललेल्या माणसाची भूक लागलीच नाही तरी बशी मात्र तेवढीच भरून येते.